अहिफेन, गर्द आणि तुझा डावा कान

मधूदादा, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गावकी बसली त्या दिवशी तुझ्या शर्टाच्या खिशात जी पुडी सापडली, ती सकाळी मीच तुझ्या हातात दिली होती. पुडी माझ्या घरातली होती. माझ्या मुलाच्या, निखिलच्या पँटच्या खिशातली.

तुला यात नवं काही नाही. तू गेलास आणि हे तोंडाने सांगू शकेल असा माणूस मी एकटा उरलो. तू होतास तोवर मला वाटायचं, एक ना एक दिवस तूच बोलशील. निदान रागाच्या भरात तरी. तू बोलला नाहीस. आता माझी सोय संपली.

चुलतभाऊ म्हणून तू मला लहानपणापासून ठाऊक होतास, पण ओळख म्हणावी ती झाली माझ्या शाळेत. मी पनवेलला मराठीचा मास्तर, तू तळोज्याच्या केमिकल कंपनीत शिफ्टला जाणारा ऑपरेटर. व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होता. गर्द सोडलेला पाहुणा म्हणून तुला बोलावलं होतं, आणि प्रास्ताविक माझ्याकडे. मी माझ्या पद्धतीने शब्दापासून सुरुवात केली. व्यसन हा शब्द मुळात वाईट सवय या अर्थाचा नाही, म्हटलं. 'अस्' म्हणजे फेकणं, 'वि' म्हणजे दूर, विखरून. जुन्या संस्कृतात व्यसन म्हणजे संकट, राजावर कोसळलेली आपत्ती. मुलं जांभया देत होती. तू खुर्चीतून उठलास आणि माझ्या हातातला माइक घेतलास.

"मास्तर बोलला ता बरोबर हाय. फेकना. मी माज्या आयेला फेकली."

मग काकूच्या, तुझ्या आईच्या, पाटलीची गोष्ट सांगितलीस. पुडीला पैसे नव्हते. काकू चौकट धरून उभी होती, सोडत नव्हती. तू तिचा हात चौकटीपासून उपटलास आणि मनगटात पिरगाळलास. "आवाज आला. सुकी काटकी मोडते तसा. तरी मी थांबलो नाय. मोडलेल्या हातातनं पाटली लवकर निघतं, ता मला तवा कलला." मुख्याध्यापिकाबाईंनी मला खूण केली, आवरा. तू त्यांच्याकडे बघून हसलास आणि मला म्हणालास, "मास्तर, फुडचा शब्द."

तिथून आपली जोडी जमली. मी शब्द कुठून आला ते सांगायचो, तू त्या शब्दाने तुझ्या अंगाचं काय केलं ते सांगायचास. कळंबोलीच्या मंडळात, आपट्याच्या शाळेत, कुणी बोलावलं की आपण जायचो. मी म्हणायचो, गर्द हा फारसी शब्द, अर्थ नुसता धूळ. तू म्हणायचास, "धूल डोल्यात गेली तर मानूस डोला चोलतो. ही गेली की दुसऱ्याचा डोला फोडतो." आणि व्ही. टी.च्या फलाटामागे एका पुडीसाठी तू एका पोराचं तोंड रुळावर आपटलं होतंस, ते सांगायचास. दात पडलेले तू मोजले नव्हतेस, पण तो पोरगा ते गोळा करत होता हे तुला दिसलं होतं. मी म्हणायचो, दारू म्हणजे फारसीत औषध, आपण दवादारू म्हणतो ते त्यामुळेच. तीच दारू तोफेतही भरतात. तू म्हणायचास, "आमच्या बापाने तोफेतलीच पिली." तुझ्या बापाने, माझ्या थोरल्या काकाने, मिठागरावर एकाच्या डोक्यात मीठ ओढायचं पावडं घातलं होतं. सगळ्या गावाला ती गोष्ट ठाऊक होती, पण सांगताना कुणी त्यातलं पावडं सांगत नसे. तू सांगायचास.

तुझ्या स्वतःच्या व्युत्पत्ती मात्र भयंकर असायच्या. चरस म्हणजे चार रस, हे तू आपट्याच्या शाळेत माइकवरून सांगितलंस. मी रिक्षात तुझ्याशी भांडलो. म्हटलं, हिंदीत चामड्याच्या मोटेला चरस म्हणतात, माल चामड्याच्या पिशवीतून यायचा म्हणून नाव पडलं असं एक मत आहे. तेही खात्रीचं नाही. तुला खात्री नको होती. "चामडी काढतं मनून चरस. लिव तुज्या बुकात." रिक्षावाला हसला तेव्हा तू त्यालाही विचारलंस, "तुमच्याकडं काय बोलतान रे याला?"

कुणाहीकडे जाऊन तू हा प्रश्न विचारायचास. हीच तुझी रीत होती, आणि मी ती वापरून घेतली.

एमडी, मेफेड्रोनची ती पांढरी पूड, पनवेलकडे आली त्या वर्षाचं सांगतो. सरकारने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे पैसे गावात आले होते. घराघरात नवी गाडी होती, पोरांच्या हाताला काम नव्हतं. एमडी तळोज्याच्या कुठल्याशा बंद शेडमध्येच बनते म्हणायचे. खरंखोटं कुणाला ठाऊक. तू म्हणालास, "आमच्या येलंला नुसती धूल व्हती, आता डाक्टर आला. एमडी." मला एका दिवाळी अंकात नशेच्या शब्दांवर लेख लिहायचा होता. जुने शब्द माझ्याकडे होते. कैफ होता, अरबीत 'कसं?' असं विचारायचा शब्द, त्यावरून हालहवाल, त्यावरून धुंदी. अंमल होता, मुळात काम, मग सत्ता, मग डोक्यावर बसलेली सत्ता. नवे नव्हते. पोरं मास्तरला काय सांगणार. मी तुला म्हटलं, दादा, नाक्यावरच्या पोरांमध्ये जरा बस, ती आपसात काय काय म्हणतात ते ऐकून ये.

तू बसलास. कंपनीतून सुटलास की नाक्यावर. पोरांना चहा पाजायचास, विचारायचास, आज काय नाव? ती तुला फसवायची, खोटी नावं सांगायची, तू ती सगळी मला येऊन सांगायचास आणि आपण हसायचो. बघणाऱ्यांनी काय बघितलं? जुना गर्दुल्ला, रोज त्याच पोरांमध्ये, त्यांना चहा पाजणारा.

मग नाक्यावरच्या त्या पोरांतल्या परश्याने त्याच्या बापाला कापलं. भर दुपारी, ओटीवर, मासळी कापायच्या कोयत्याने. बाप पुडीला पैसे देत नव्हता एवढंच. खांद्यापासून कोपरापर्यंत हात उघडला होता. शेजारच्या बायांनी लुगड्याने तो बांधला, आणि परश्या बाजूला उभा राहून हसत होता असं त्या सांगत होत्या. बाप वाचला, पण गावाच्या हातांना खाज सुटली. कुणाला तरी मारल्याशिवाय ती जाणार नव्हती. परश्याला पोलीस घेऊन गेले होते. तो मारायला उरला नव्हता.

रविवारी सकाळी निखिलचे कपडे धुवायला टाकताना ती पुडी माझ्या हाताला लागली. मला निखिलला ठेचायचं होतं. खरंच सांगतो, भिंतीवर त्याचं डोकं कुठे आपटायचं ती जागासुद्धा मी बघितली. तो आंघोळीला गेला होता म्हणून मी तुझ्याकडे आलो. तू पुडी उघडलीस, बोटांत चोळलीस, चव घेतली नाहीस.

"एमडीच हाय. पोराला हात लावू नको. मारलास तं पलंल, आनि पलाला तं परश्या होईल. मी बगतो त्याला."

"आणि ही?"

"ही खाडीत टाकतो." तू ती शर्टाच्या खिशात घातलीस.

तेवढ्यात देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला, गावकी बसली आहे, घरटी एक माणूस. आपल्याकडे सगळंच घरटी. वर्गणी घरटी, पालखीला खांदा घरटी, मयताला माणूस घरटी. ज्या घरचा माणूस येत नाही त्या घराला दंड. तुला खाडीपर्यंत जायला वेळ मिळाला नाही. तू तसाच आलास. आपण देवळापर्यंत बरोबर चालत गेलो.

गावकीचा सेक्रेटरी मी होतो. अध्यक्ष नारायणशेठ पायरीवर बसले होते. त्यांनी परश्याच्या बापाचं सांगून झाल्यावर थेट तुझ्याकडे बघितलं.

"मधू, नाक्यावर पोरांसंगती काय करतंस रोज?"

"शब्द गोला करतंय."

लोक हसले. मागून कुणीतरी बोललं, "शब्द? काय भावाने किलो?" पुन्हा हसले.

"ईचारा मास्तरला," तू म्हणालास. "त्यानंच सांगितलाय."

सगळे माझ्याकडे वळले. तुझ्या खिशात काय आहे हे मला ठाऊक होतं. शब्दांचं खरं म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, आणि त्याच्या पुढचा, आणि कुठेतरी निखिल येणार. मी म्हणालो, "मला या प्रकाराची काहीही कल्पना नाही." शाळेतल्या भाषेत म्हणालो. गावकीत मी कधी तशी भाषा बोलत नसे. तू माझ्याकडे बघितलंस, आणि तुला सगळं कळलं हे मला दिसलं.

मग दोघा पोरांनी तुला धरलं, खिसा फाडला आणि पुडी वर आली.

"कोनाची?" नारायणशेठनी विचारलं.

तू म्हणालास, "माजी."

पोलिसात द्यायचं नाही असं ठरलं. गावाचं नाव खराब झालं असतं. कुणी म्हणालं, घरटी एक फटका. हे आपल्याच लोकांना सुचू शकतं. एकट्या-दुकट्याने मारलं तर तो गुन्हा होतो, आणि घरटी मारलं तर गावाचं काम होतं. उद्या कुणाला मी मारलं नाही म्हणता येऊ नये, कुणाला मी एकट्यानेच मारलं म्हणता येऊ नये. पाण्याच्या काळ्या पाइपचा हातभर तुकडा आणला. तुला देवळाच्या खांबाला मिठी मारायला लावून हात पलीकडे बांधले.

पहिल्या आळीतल्या लोकांनी हळू मारलं. मग हात तापले. पाइप पाठीवर पडला की आधी आवाज यायचा आणि मग तुझा श्वास. शर्ट फाटून जखमांत रुतला. एका म्हाताऱ्याने, ज्याला तू दर महिन्याला सरकारी दवाखान्यात नेत होतास, दोन मारले. म्हणाला, एक लेकाच्या घराचा, लेक बाहेरगावी आहे. कुणाला ते चूक वाटलं नाही. परश्याच्या चुलत्याने तुझ्या नडग्यांवर मारलं आणि तू गुडघ्यांवर घसरलास, खांबाला लोंबकळत राहिलास. तुझ्या तोंडातून लाळ आणि रक्त एकत्र येत होतं. त्यातूनही तू काहीतरी पुटपुटत होतास, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता नाव घेतो.

माझ्या घराची पाळी आली. पाइप घामाने ओला होता. मी जवळ आलो तेव्हा तू फक्त मला ऐकू जाईल एवढंच बोललास. "मार. थांबू नको. लोक बगतान."

मी मनाशी आजवर असं सांगत आलो की मी पाठीवर मारायला गेलो आणि तू वळलास. तू वळला नव्हतास. तू हलूच शकत नव्हतास. मी तुझ्या डोक्यावर नेम धरला, कारण तुझं तोंड बंद व्हायला हवं होतं. निखिलचं नाव बाहेर येण्याआधी तू बेशुद्ध पडावास, आणि खरं सांगायचं तर त्या एका क्षणी, मेलास तरी चालेल, असं मला वाटलं. तू मला सांभाळत होतास तेव्हा मला हे वाटलं. पाइप तुझ्या डाव्या कानावर बसला. कानातून रक्ताची बारीक धार आली, मानेवरून फाटक्या शर्टात गेली. नारायणशेठ म्हणाले, "बास मास्तर, एवढा नाय." गावातला सगळ्यात जोराचा फटका माझा होता. लोकांना कौतुक वाटलं. सख्खा चुलतभाऊ असून न्यायाला चुकला नाही.

शेवंतावहिनीने तुला ओढत घरी नेलं. मी मदतीला आलो नाही. गावकीने तुला वाळीत टाकलं. हळदीला, बारशाला, मयताला बोलवायचं नाही. दुकानदाराने वहिनीला मीठसुद्धा दिलं नाही, आणि आपण मिठागराची माणसं. महिनाभरात तुम्ही रोडपालीला भाड्याच्या खोलीत गेलात. वाळीत टाकल्याची नोंद गावकीच्या बैठकीत मीच वाचून दाखवली.

त्यानंतर तू काय केलंस तेही लिहितो. कानात कापसाचा बोळा होता तेव्हाच तू शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिलास. मला वाटलं, मारायला आला आहे. मला बरं वाटलं असतं. तू म्हणालास, "नाशिकला एक सेंटर हाय. डाक्टर चांगला हाय. निखिलला मी घेऊन जातो, तू रजा टाकू नको, लोक ईचारतील." तू घेऊन गेलास. मी गावात सांगितलं, निखिलला नोकरी लागली. तिथे तो तुझ्या अंगावर धावून गेला, तुझी बोटं चावली, तू त्याच्या छातीवर बसून राहिलास, हे मला त्या डॉक्टरांकडून कळलं. निखिल आज चाकणला कामाला आहे, जिवंत आहे. पुडी कुठे गेली हे त्याने मला कधी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. आमच्या घरात त्या दिवसावर कुणी पाय देत नाही.

आणि तू पुन्हा माझ्याशी शब्दांवर बोलू लागलास. पनवेलच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर, आठवड्यातून एकदा. मी तुझ्या डाव्या, बहिऱ्या बाजूला बसलो की तू उठून माझ्या डावीकडे येऊन बसायचास, उजवा कान माझ्याकडे करून. चुकून तुझ्या डावीकडे बसायची सवय मला किती दिवस जात नव्हती. तू एकदाही तक्रार केली नाहीस. कधी कधी मला वाटतं, केली असतीस तर मी रडून मोकळा झालो असतो. ती मोकळीक तू मला दिली नाहीस, आणि त्याबद्दल माझा तुझ्यावर रागही आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे.

एक वाद मात्र आपण सोडवला नाही. अफूचा. मी सांगितलं होतं, शब्द ग्रीकांकडून अरबांकडे आणि तिथून आपल्याकडे आला, अफीम होऊन. संस्कृत पंडितांनी तो ऐकला आणि अहिफेन केला. अहि म्हणजे साप, फेन म्हणजे फेस. सापाच्या तोंडचा फेस.

तू कप खाली ठेवलास. "पंडितांना माईत व्हता का, यो शब्द भायेरनं आलाय?"

"कोण जाणे. कदाचित नसेल."

"नसंल कसा? शिकलेली मानसं. माईत व्हता, आनि तरी सापावर टाकला. साप काय बोलायला येनार हाय का?"

"दादा, असं मुद्दाम कुणी करत नाही. कानावर पडलेल्या शब्दाला लोक ओळखीचा अर्थ लावतात. अजाणता होतं ते."

"अजानता." तू तो शब्द बराच वेळ चघळलास. "तू मास्तर हायेस. तू बोलतोस तं आसंल. पन मला नाय पटत."

पुढच्या आठवड्यात तू पुन्हा तेच काढलंस. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मी दरवेळी पुरावे दिले, कोशातले दाखले दिले. तू मला कबुलीचा रस्ता करून देत होतास, एवढंही मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. मी कोश उघडायचो. तुझ्या आजारपणात शेवटचा भेटायला आलो तेव्हाही तू नळ्यांमधून मला विचारलंस, "मंग, सापाचा काय ठरला?" मी म्हणालो, बरा हो, मग भांडू. नर्स म्हणाली, आजोबांना बोलू देऊ नका. तू तिला शिवी दिलीस.

तुझ्या मयताला गावातून घरटी माणूस आला नाही. कंपनीतले लोक, रोडपालीचे शेजारी आणि तू नशेतून सोडवलेली काही पोरं होती. खांदा देणाऱ्यांत परश्याही होता, तुरुंगातून सुटून आलेला. मी स्मशानाच्या भिंतीशी उभा होतो, शाळेतल्या दोन शिक्षकांबरोबर, जणू शाळेतर्फे आलो आहे.

दहाव्याला आपट्याला नदीवर गेलो. पाताळगंगेच्या काठी पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. सगळे खोळंबले. भटजींनी सांगितलं, काही इच्छा राहिली असेल तर बोला. कुणी म्हणालं, नातवाचं लग्न बघायचं होतं. कुणी म्हणालं, कंपनीचे पैसे. कावळा फांदीवरून हलला नाही. तेव्हा शेवंतावहिनी माझ्याजवळ आली. पदर डोक्यावर घट्ट धरलेला, डोळे कोरडे.

"भावजी, तुमी त्यांच्यासंगती एवढं बसाचे. एक सांगा. ती पुडी कोनाची व्हती? त्यांची नव्हती, ता मला माईत हाय. मी त्यांचा घाम वलखायची. मी लय ईचारला. मरताना बी ईचारला. बोलले, सोड. सगला गाव मला गर्दुल्ल्याची बायको बोलतो. मला फकस्त नाव पायजे. मी कोनाला काय करनार नाय."

मी म्हणालो, "वहिनी, मला नाही माहीत."

तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पाण्याकडे गेली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे जेवायला बसले. मीही जेवलो.

दादा, हे सगळं मी इथे लिहिलं, ते लिहिणं सोपं होतं म्हणून. वहिनीला वाचता येत नाही. हे छापून आलं की कुणीतरी तिला वाचून दाखवील, आणि तिला हवं असलेलं नाव तिसऱ्याच्या तोंडून कळेल. तसं होण्याआधी मला रोडपालीला तिच्या खोलीवर जाऊन, तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडाने सांगायचं आहे की पुडी माझ्या घरातली होती आणि कानावरचा फटका मी जाणूनबुजून मारला. मी तिला हे उत्तर देणं लागतो. अजून दिलेलं नाही.